लेकीची गिटार ऐकू येईना, तेव्हा



मी मूळची संगमेश्वर तालुक्यातली. लग्न होऊन वांद्र्याला गेले त्याला आता २४ वर्षं झाली. आम्ही स्टेशनच्या पूर्वेला राहतो. गावी आले होते, तर केंद्रावरच्या ताई म्हणाल्या, बचत गटाच्या बायकांना तुमची ती गिटारची गोष्ट सांगा. मी म्हटलं, गिटारचं आणि बचत गटाचं काय? तर त्या म्हणाल्या, तुम्ही कर्ज काढणार होतात ना, तेच सांगा. म्हणून आले.

माझी मुलगी बारावीत असल्यापासून इलेक्ट्रिक गिटार वाजवते. वांद्र्यात हे नवल नाही. पश्चिमेला चिंबई, रणवार अशी जुनी गावठाणं आहेत, तिथं घराघरांत कुणी ना कुणी वाजवणारं असतं. मोतमाउलीच्या जत्रेला सप्टेंबरात तुमच्यापैकी कुणी आलं असेल, तर तुम्ही त्या गल्ल्यांतून चढूनच गेला असाल. तर तिथल्याच एका घरात चार मुलांचा बँड तालीम करायचा. त्यांनी हिला घेतलं. एक गाणारा, एक ड्रमवाला, एक कीबोर्डवाला, एक बेस गिटारवाला आणि ही.

पहिला कार्यक्रम एका हॉलमध्ये होता. मी शेजारणींना घेऊन गेले, दुसऱ्या रांगेत बसले. आणि मैत्रिणींनो, मला माझ्या मुलीची गिटार ऐकूच आली नाही. बोटं दिसत होती, मान हलताना दिसत होती. आवाज मात्र ड्रमचा, गाणाऱ्याचा आणि बाकी सगळा एक गलका. शेजारीण हळूच म्हणाली, "वाजवतेय ना ती?" घरी येईपर्यंत मुलगी बोलली नाही. रात्री म्हणाली, "आई, माझा ॲम्प लहान आहे. मोठा घ्यायला पाहिजे."

ॲम्प म्हणजे ॲम्प्लिफायर. इलेक्ट्रिक गिटार भरीव लाकडाची असते, तिला पेटीसारखं पोकळ पोट नसतं. तारा पोलादाच्या आणि त्यांच्या खाली लोहचुंबक, त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार थरथरली की त्या वेढ्यात वीज निर्माण होते. ती इतकी थोडी असते की ॲम्पमध्ये वाढवून मग स्पीकरला द्यावी लागते. हिचा ॲम्प १५ वॅटचा. तिला १०० वॅटचा हवा होता. जुना बघितला तरी पंचवीस हजारांच्या खाली नव्हता. मी गटाकडे अर्ज लिहिला. कारण लिहिलं "शिक्षणासाठी". खोटं नव्हतं, पण लिहिताना हात जरा अडखळला, हे खरं.

आमच्या समोरच्या इमारतीत एक अंकल राहतात. गोव्याचे. तरुणपणी लग्नांच्या बँडमधे, हॉटेलांत गिटार वाजवायचे. जिन्यात भेटले आणि मी सहज कर्जाचं बोलले, तर म्हणाले, "वहिनी, थांबा. पैसे देण्याआधी मला एकदा तालमीला येऊ दे."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं गेलो. अंकलनी दोन गाणी ऐकली, काही बोलले नाहीत. मग मला म्हणाले, "तुम्ही भजनाला बसता ना? टाळ ऐकू येतो?" म्हटलं, येतो. "मृदंग?" तोही येतो. "मग टाळ मृदंगापेक्षा मोठा आहे का?" मला हसू आलं. टाळ तो केवढा! पण त्याचा आवाज वर, किणकिणता. मृदंगाच्या धुमेचा खाली, पोटात. दोघांच्या मधे आपला गळा. कुणी कुणाच्या जागेत बसत नाही, म्हणून सगळे ऐकू येतात. पोवाड्यातलं तुणतुणं बघा, एक तार असते त्याला, पण डफ कितीही कडाडला तरी ते लपत नाही.

मग त्यांनी आकडे सांगितले, ते मी वहीत लिहून घेतले होते. तार सेकंदाला जितक्या वेळा थरथरते तितका स्वर उंच. गिटारची सगळ्यांत जाड तार सेकंदाला ८२ वेळा थरथरते. बेस गिटारची सगळ्यांत जाड तार ४१ वेळा. ड्रममधला तो पायानं वाजवायचा मोठा ढोल साधारण ६० ते १०० च्या आसपास धडकतो. म्हणजे खालचं घर बेस आणि ढोल यांनी आधीच भरलेलं. आणि आमच्या बाईसाहेबांनी ॲम्पवरचं बेसचं बटण पूर्ण वर फिरवून ठेवलेलं! ट्रेबलचंही पूर्ण वर, आणि मधलं, मिडलचं, जवळजवळ शून्यावर.

अंकल म्हणाले, असं सगळीच मुलं करतात. घरी एकटं वाजवताना तसा आवाज भरदार, गोड लागतो. त्यालाही कारण आहे. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून माणूस ती दोन बटणं वाढवतो. तेच बटण हॉलमध्ये मोठ्या आवाजाला तसंच ठेवलं की खालचा भाग बेस गिटारमधे बुडतो, वरचा भाग ड्रमच्या झांजांमधे हरवतो. गिटारचा खरा जीव मधे असतो, साधारण ५०० पासून ३००० पर्यंत. तोच तर हिनं काढून टाकलेला. आमटीतली डाळ काढून पाणी आणि फोडणी तेवढी वाढावी, तसं.

त्यांनी बेस खाली घेतला, मिडल वर नेला. एकटी वाजवली तेव्हा गिटार अगदी नाकात बोलल्यासारखी लागली. मुलीनं तोंड वाकडं केलं. अंकल म्हणाले, "एकटीला ऐकू नकोस. सगळ्यांबरोबर वाजव." आणि सगळे वाजवायला लागले, तर ती दिसायला लागली, म्हणजे कानाला दिसायला लागली. दुसरा शब्द मला सुचत नाही.

पण तेवढ्यानं भागलं नाही. तिच्या पायाशी एक पेडल होतं, डिस्टॉर्शनचं. त्यानं गिटारचा आवाज खरखरीत, रागावल्यासारखा होतो. मुलांना फार आवडतो. तो पूर्ण वाढवलेला. तो जितका जास्त, तितका प्रत्येक स्वराचा टोकदार आरंभ बोथट होतो आणि सगळं एकसारखं सपाट भरून जातं. कान आरंभावरून ओळखतो. तो निम्म्यावर आणला. घुमारा देणारं रिव्हर्ब होतं तेही कमी केलं. हॉल स्वतःच घुमतो, त्यात आणखी घुमारा कशाला?

मग खुर्ची. ही गोष्ट मला सगळ्यांत आवडली, कारण तिला एक रुपया लागला नाही. ॲम्प जमिनीवर ठेवलेला. स्पीकरचा तीक्ष्ण आवाज बॅटरीच्या झोतासारखा सरळ जातो. तो हिच्या पोटऱ्यांना लागत होता आणि पहिल्या रांगेतल्या गुडघ्यांना. हिला स्वतःला ऐकू येत नव्हतं म्हणून ही आवाज वाढवायची, मग बेसवाला वाढवायचा, मग ड्रमवाला जोरात बडवायचा. अंकलनी ॲम्प उचलून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ठेवला आणि जरा मागे कलता केला, तोंड हिच्या कानाकडे. तिनं आपणहून आवाज कमी केला. मी बघितलंय.

आणि १०० वॅटचं? त्याचाही हिशोब त्यांनी सांगितला. वीज दुप्पट केली की आवाज कानाला दुप्पट वाटत नाही, जेमतेम वाढल्यासारखा वाटतो. दुप्पट वाटायला दहापट वीज लागते. १५ चे १०० म्हणजे सातपटसुद्धा नाही. पंचवीस हजार देऊन दुप्पटही आवाज मिळाला नसता, आणि तो मिळालेला आवाज गाणाऱ्याच्या माईकमधे घुसला असता.

राहिला कीबोर्डवाला. तो मुलगा दोन्ही हातांनी वाजवायचा, आणि डावा हात नेमका गिटारच्या जागेत. आपल्याकडे पेटीवाला हौशी असला की तो सगळे सूर धरून गळा झाकून टाकतो ना, तसंच. अंकल त्याला म्हणाले, "हिचा तुकडा येतो तेव्हा डावा हात मांडीवर." त्याला राग आला. या गोष्टीत बटणं फिरवणं सोपं, माणसं अवघड. शेवटी असं ठरलं की एका गाण्यात तो मागे राहील, दुसऱ्यात ही. आणि गाणारा ओळ गात असताना हिनं नुसते मोजके ठोके द्यायचे, ओळ संपली की त्या मोकळ्या जागेत बोलायचं. कारण शब्द स्पष्ट ऐकू येतात तेही त्याच मधल्या पट्ट्यात आणि त्याच्या जरा वर.

हे जुन्या सिनेमावाल्यांना पक्कं ठाऊक होतं. वांद्र्यात हिल रोडवर मेहबूब स्टुडिओ आहे, मेहबूब खान यांनी १९५४ साली उभारलेला. तिथं गाण्यांचं ध्वनिमुद्रणही व्हायचं. त्या काळी कितीतरी वादक एका दालनात बसून एकदम वाजवायचे, एक चुकला की सगळ्यांनी पुन्हा. सिनेमागृहातला आवाजही एकाच बाजूनं, म्हणजे गिटार डावीकडे आणि व्हायोलिन उजवीकडे अशी वाटणी करता येत नव्हती. मग वाटणी वेळेची करायची. 'दम मारो दम' हे १९७१ चं गाणं आठवा. सुरुवातीला गिटार एकटी बोलते, ती भूपिंदर सिंग यांची, जे पुढं गायक म्हणून आपल्याला माहीत झाले. १९८० च्या 'कर्ज' सिनेमात तर सगळी गोष्टच एका गिटारच्या धुनेवर उभी आहे. ती वाजवली गोरख शर्मांनी, संगीतकार प्यारेलाल यांच्या भावानं. दोन्ही ठिकाणी गिटार गळ्याशी भांडत नाही, आपली पाळी आली की बोलते.

गंमत सांगू? इलेक्ट्रिक गिटार जन्मलीच मुळी ऐकू येत नव्हती म्हणून. अमेरिकेत साध्या लाकडी गिटारचा आवाज तुताऱ्या आणि ढोलांच्या बँडमधे दबून जायचा. मग १९३० नंतरच्या दोन वर्षांत वीजेवर चालणारी गिटार निघाली. ॲल्युमिनियमची, गोल आणि लांब दांड्याची, म्हणून लोक तिला तळायचा तवा म्हणायचे. म्हणजे ही अडचण माझ्या मुलीची एकटीची नाही, नव्वद वर्षांची आहे.

तुमच्या गावात बेंजो पार्टी असेल, मुलांचा ऑर्केस्ट्रा असेल. बेंजोलाही असाच विजेचा पिकअप लावलेला असतो आणि ताशापुढे तो असाच मरतो. पोरं मोठी मशीन भाड्यानं आणायला पैसे मागतील. द्यायचे तर द्या, पण आधी एकदा तालमीला जाऊन बसा. स्पीकरचं तोंड कुठं आहे ते बघा. साउंडवाल्याच्या मिक्सरवर, चटणीच्या नव्हे हो, बेसचं बटण कुठवर आहे विचारा. आणि एकेकाला थांबायला सांगून ऐका, कोण थांबल्यावर बेंजो मोकळा होतो ते. मला त्यातलं काही येत नव्हतं, तरी एवढं कळलं.

अर्ज मी गटाकडून परत घेतला. अध्यक्षबाई म्हणाल्या, शिक्षण झालं का? म्हटलं, बरंचसं झालं.

डिसेंबरात त्याच हॉलमध्ये पुन्हा कार्यक्रम झाला. तोच १५ वॅटचा ॲम्प, खुर्चीवर. साउंडवाल्यानं त्याच्यापुढं एक माईक लावला, बाकी काम हॉलच्या मोठ्या स्पीकरनी केलं. मी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसले. पहिल्या गाण्यात एक जागा आहे, तिथं सगळे थांबतात आणि ही चार स्वर वाजवते. ते चारही ऐकू आले. शेजारीण या वेळी काही म्हणाली नाही, ती ऐकत होती. कीबोर्डवाला मुलगा अजून कधीकधी विसरतो आणि डावा हात खाली आणतो. मग मुलगी वाजवता वाजवता नुसती त्याच्याकडे बघते.

बरं, वेळ झाली. ताई खूण करतायत. नमस्कार.