धंद्याचा नंबर कुणाच्या नावावर?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजच्या समारंभात मी चार शब्द बोलावेत असा आपल्या चिटणीसबाईंनी फार आग्रह धरला. मी सातवीपर्यंत शिकलेली, चुलीपुढे वावरणारी बाई. भाषण कधी केलेले नाही. मी तसे म्हणताच त्या म्हणाल्या, "तुमच्या मोदकांची मागणी फोनवरच येते ना? मग फोनबद्दलच सांगा. घरबसल्या चार पैसे मिळवणाऱ्या बायका आपल्या मंडळात पुष्कळ आहेत. कोणत्या कंपनीचा फोन घ्यावा, हे सगळ्याच विचारतात." तेव्हा या विषयात मी जे ठेचा खाऊन शिकले, तेवढेच सांगते. चूकभूल पदरात घ्यावी.

आपल्या नागाव-आक्षीच्या पट्ट्यात शनिवार-रविवारी मुंबईची माणसे येतात. कोणी गेटवेहून लाँचने मांडव्याला उतरतात, कोणी २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून सुटणाऱ्या रो-रो बोटीने मोटारीसकट येतात. त्यांना उकडीचे मोदक हवे असतात, कोकमाचे आगळ हवे असते, उन्हाळ्यात पांढऱ्या कांद्याच्या माळा हव्या असतात. ही माणसे दारावर पाटी शोधत येत नाहीत. कोणीतरी दिलेल्या नंबरावर शुक्रवारीच फोन करून ठेवतात. म्हणजे आपल्यासारख्यांचे दुकान कुठे, तर त्या दहा आकड्यांत.

माझे ते दुकान सन २०१६ च्या दिवाळीत उघडले. त्या वर्षी सप्टेंबरात जिओ सुरू झाले होते आणि स्वस्त इंटरनेटची एकच धूम होती. आमच्या पुतण्याने एक सिमकार्ड आणून माझ्या हाती दिले. "काकू, तुमच्या धंद्याला ठेवा," म्हणाला. मुलगा गुणी, मनाचा मोकळा. कार्ड त्याच्या आधारवर, म्हणजे नंबर त्याच्या नावावर. पण घर एक, चूल एक, तेव्हा त्यात वेगळे काय वाटायचे? तीन वर्षांत तो नंबर दादर-गिरगावापर्यंत पोचला.

सन २०१९ मध्ये आमच्या घराची वाटणी झाली. वाडीतली नारळाची झाडे मोजली, विहिरीच्या पाण्याचे वार ठरले, भांडीकुंडी, पाटे-वरवंटे, देवघरातले देवसुद्धा वाटले गेले. नंबरची वाटणी मात्र कोणी काढली नाही, कारण कागदोपत्री तो पुतण्याचाच होता. तो नंबर जाऊबाईंच्या घरी गेला. शुक्रवारी फोन वाजे तो भिंतीपलीकडे, आणि मी अलीकडे ऐकत बसे. जाऊबाईंना मी दोष देत नाही. गिऱ्हाइकाने मोदक मागितले, त्यांनी करून दिले. मोदक त्यांनाही येतात, आणि कळी माझ्यापेक्षा बऱ्या पाडतात. आज त्या समोर बसल्या आहेत, आणि त्यांना विचारूनच मी हे बोलते आहे. पण त्या दिवसांत मी रात्री उठून रडले आहे, हेही खरे. तीन वर्षांची मेहनत माझी होती, पण तिच्यावर माझे नाव कुठेच नव्हते.

म्हणून भगिनींनो, कोणती कंपनी चांगली, हा प्रश्न दुसरा. धंद्याचा नंबर कुणाच्या नावावर, हा प्रश्न पहिला. मुलाच्या नव्हे, दिराच्या नव्हे, यजमानांच्याही नव्हे. जी धंदा करते तिच्या नावावर हवा. यात अविश्वास नाही. आपल्या बँकेच्या पुस्तकावर आपले नाव असते, तसेच हे. आज गिऱ्हाईक पैसे पाठवते तेही याच नंबरावर, आणि बँकेचा गुप्त आकडा येतो तोही याच नंबरावर. नंबर दुसऱ्याच्या नावावर असेल तर दोघांनी मिळून कंपनीच्या दुकानात जावे आणि गोडीत असतानाच तो आपल्या नावावर करून घ्यावा. मूळ मालकाची संमती लागते, आणि वाद झाल्यावर ती मिळणे कठीण. आपल्या नावावर किती नंबर आहेत हे सरकारच्या 'संचार साथी'वर पाहता येते. घरात कोणाला तरी सांगून एकदा पाहून घ्या.

पुढे मी माझ्या नावावर नवे कार्ड घेतले. कंपनी कोणती घेतली? शेजारणीने सांगितली ती. स्वस्त होती. आणि इथे मी दुसरी ठेच खाल्ली. माझ्या स्वयंपाकघरात त्या कंपनीची रेंज नव्हती! पडवीत आले की फोन लागे, चुलीपाशी गेले की मुका होई. मोदकाची उकड काढताना पडवीत कोण जाऊन बसणार? गिऱ्हाईक दोनदा फोन करते, तिसऱ्यांदा दुसरीकडे करते.

त्यातच ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. नारळी-पोफळी आडव्या झाल्या, कौले उडाली, विजेचे खांब वाकले, हे तुम्ही सर्वांनी भोगले आहे. दिवसचे दिवस वीज नव्हती. फोनच्या टॉवरलाही वीज लागते. ती गेली की बॅटरी काही तास चालते, मग डिझेलचे जनित्र, आणि डिझेल पोचले नाही की टॉवर गप्प. माझा फोन अनेक दिवस गप्प होता. माहेरची माणसे काळजीत आणि मी इथे जिवंत आहे हे सांगायला साधन नाही. त्या वेळी मला कळले, की फोनची कंपनी निवडणे हे काही साडी निवडण्यासारखे नव्हे.

तरीही पुढे वर्षभर मी तीच कंपनी धरून बसले. का? तर कंपनी बदलली की नंबर जाईल, ही भीती. एकदा नंबर गमावून मी पोळले होते. ही भीती अगदी खोटी आहे, आणि मला आज मुख्यतः हेच सांगायचे आहे. नंबर वेगळा आणि कंपनी वेगळी. २० जानेवारी २०११ पासून साऱ्या देशात नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. मला हे कळायला दहा वर्षे लागली.

त्याची रीत सोपी आहे. फोनवर इंग्रजीत 'पोर्ट' असे लिहून, एक जागा सोडून आपला नंबर लिहावा आणि तो संदेश १९०० ला पाठवावा. उलट एक आठ अक्षरांचा संकेत येतो. तो आपल्याकडे चार दिवसच चालतो. तेवढ्यात तो आणि आपले आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जावे. नंबर त्या जुन्या कंपनीत नव्वद दिवस तरी झालेला असावा, आणि बिल थकलेले नसावे. आपल्याच सर्कलमध्ये तीन कामाचे दिवस लागतात. सर्कल बदलत असेल, म्हणजे मुंबईचा नंबर इकडे आणायचा असेल, तर पाच. खर्च म्हणाल तर ट्रायने ठरवलेली रक्कम ६ रुपये ४६ पैसे आहे. बदलताना काही वेळ फोन बंद पडतो, तेव्हा हे काम गणपतीच्या किंवा मे महिन्याच्या तोंडावर काढू नये. आणि तो संकेत दुकानदाराखेरीज कोणालाही फोनवरून सांगू नये.

आता कंपनी कशी पारखावी? आपल्याकडे जिओ, एअरटेल, व्होडाफोन-आयडिया आणि बीएसएनएल अशा चार आहेत. यांतली अमुकच घ्या, असे मी सांगणार नाही. कारण माझ्या घरात जी चालते ती तुमच्या घरात चालेलच असे नाही. मी केले ते असे. चार कंपन्यांचे फोन असलेल्या चौघी मैत्रिणींना चहाला बोलावले. वहीत चार रकाने आखले. चुलीपाशी, विहिरीवर, पडवीत आणि रस्त्याच्या फाटकाशी प्रत्येकीच्या फोनवरून फोन लावून पाहिला. एकदा सकाळी आणि एकदा शनिवारी संध्याकाळी. शनिवार मुद्दाम, कारण पर्यटकांची गर्दी झाली की एकाच टॉवरवर हजारो फोन येतात. रेंजच्या काड्या पुऱ्या दिसतात, पण फोटो काही जात नाही. पावसाळ्यात पुन्हा एकदा पाहिले. स्लॅबच्या नि पत्र्याच्या घरात रेंज कमी होते, कौलारू घरात बरी असते, हेही तेव्हा ध्यानात आले. आता कंपन्यांना आपापल्या रेंजचा नकाशाही लोकांपुढे ठेवावा लागतो. तो जरूर पाहावा, पण नकाशात आपली चूल दिसत नाही, हे विसरू नये.

काटकसरीचे दोन शब्द. महिन्याचे म्हणून जे रिचार्ज आपण करतो त्यातले पुष्कळसे २८ दिवसांचे असते. म्हणजे वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा पैसे भरावे लागतात. म्हणून रकमेला दिवसांनी भागावे आणि रोजचा खर्च काढून मग तुलना करावी. नुसते बोलण्याचे आणि संदेशांचे रिचार्ज कंपन्यांनी ठेवलेच पाहिजे, असा ट्रायचा डिसेंबर २०२४ चा हुकूम आहे. दुकानदार ते आपणहून सांगत नाही, आपण मागावे. रिचार्ज संपवून नंबर महिनोन्‌महिने पडू देऊ नये. तो बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कोणाला दिला जातो.

ज्यांच्या फोनमध्ये दोन कार्डांची सोय आहे त्यांनी दुसरे कार्ड वेगळ्या कंपनीचे ठेवावे. पण दोन्ही कंपन्यांची यंत्रे एकाच टॉवरवर असतात असेही घडते. मग वादळात दोन्ही एकदम जातात. म्हणून टॉवर कोणता, याची गावात चौकशी करावी. घरात तारेचा फोन घेणाऱ्यांनीही एक ध्यानात ठेवावे. जुन्या तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजची वीज येई, म्हणून घरात अंधार असला तरी फोन चाले. नव्या फायबरच्या डबीला आपल्या घरची वीज लागते. तिला लहानशी बॅटरी जोडली नाही तर ती दिव्याबरोबरच विझते.

सन २०२१ मध्ये वहीतले रकाने पाहून मी कंपनी बदलली. नंबर तोच राहिला. आता चुलीपाशी फोन वाजतो, आणि पिठाचे हात पुसून मी तो घेते. जुना नंबर आजही जाऊबाईंकडे आहे. गणपतीत त्यांच्याकडे मागणी फार झाली की त्या माझा नंबर गिऱ्हाइकाला देतात, आणि माझ्याकडे झाली की मी त्यांचा देते. दोन चुली झाल्या, दोन नंबर झाले, आणि दोन्ही घरे चालली आहेत. पहिल्यापासून दोघींची दोन नावे असती, तर मधली दोन वर्षे आम्ही एकमेकींशी अबोला धरला नसता, असे राहून राहून वाटते.

मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर एवढेच करा. ज्या नंबरावर तुमचे पापड, मसाले, मोदक, सुकी मासळी विकली जाते, तो कोणाच्या नावावर आहे ते विचारा. उत्तर ऐकून रागावू नका, भांडू नका. पण उद्या सकाळी आधार घेऊन दुकानात जा.