दाखल नोंदवहीपासून सुरुवात



ग्रंथालयसेवकांच्या अधिवेशनाच्या अध्यक्षानं अनुदान, वेतन आणि दर्जावाढ या तीन विषयांवर बोलावं, असा आपल्याकडचा प्रघात आहे. पैशाच्या प्रश्नाकडे मीही येणार आहे, पण जरा वळसा घालून. आज मला एकच गोष्ट मांडायची आहे. ग्रंथालयात काम करणाऱ्या माणसानं ऑनलाइन साधनं शिकायची म्हणजे नेमकं काय शिकायचं? आपल्या प्रशिक्षणवर्गांत याचं उत्तर बहुधा बटणांच्या भाषेत दिलं जातं. इथे दाबा, मग तिथे दाबा, पासवर्ड विसरू नका. वर्ग संपतो, प्रमाणपत्र मिळतं, आणि महिन्याभरात बटणांच्या जागा बदलतात. माझं म्हणणं असं की या शिक्षणाची सुरुवात आपल्या दाखल नोंदवहीपासून आणि तालिकेपासून व्हायला हवी. ज्याला नोंद कळते त्याला साधन उशिरा का होईना वळतं. नोंद न कळणाऱ्याच्या हाती कितीही चांगलं साधन दिलं तरी त्यातून गोंधळच बाहेर येतो.

याला एक पुरावा अमेरिकेतला आहे. २००६मध्ये उत्तर कॅरोलिनातल्या शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलन ब्लोअर्स यांनी कर्मचाऱ्यांसाठी २३ छोट्या स्वाध्यायांचा एक उपक्रम आखला. ब्लॉग लिहा, फोटो चढवा, खुणेच्या शब्दांनी दुवे साठवा, विकीत भर घाला. शिकवायला कुणी नाही. ज्यानं त्यानं आपापल्या वेगानं करायचं आणि पूर्ण करणाऱ्याला एमपी-३ प्लेअर बक्षीस. जगभरच्या ग्रंथालयांनी तो उचलला. आज ती यादी उघडून पाहिली तर ब्लॉगलाइन्स, टेक्नोराती, डिलिशस ही नावं नव्या ग्रंथपालांना ठाऊकही नसतील. मग उपक्रम फसला का? मला तसं वाटत नाही. दुव्याला खुणेचा शब्द जोडणं म्हणजे विषयशीर्षक देणंच होतं. ज्यांनी ते या नजरेनं केलं, त्यांच्याकडे डिलिशस गेल्यावरही काहीतरी उरलं. ज्यांनी फक्त खातं उघडलं, त्यांच्याकडे एमपी-३ प्लेअर उरला.

आता आपल्या कपाटाकडे येऊ. गोदावरी परुळेकर यांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे १९७० सालचं पुस्तक, १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं, आणि आपल्याच डहाणू-तलासरी भागातल्या वारल्यांच्या लढ्याचं. लेखिकेचं नाव एका तालिकेत ‘परुळेकर, गोदावरी’, दुसरीत ‘गोदूताई परुळेकर’ आणि तिसरीत ‘परुळेकर गो. शा.’ असं असलं, तर संगणकाच्या लेखी त्या तीन बायका आहेत. विषयाच्या रकान्यात कुणी ‘वारली’ लिहितो, कुणी ‘वार्ली’, कुणी नुसतं ‘आदिवासी’. का. ज. सावे यांच्या १९४५ सालच्या इंग्रजी ग्रंथापासून जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांवरच्या पुस्तकांपर्यंत सगळं साहित्य या तीन शब्दांत विखुरलं जातं. तालिकापत्रांच्या पेटीत हे खपून जायचं, कारण पेटी चाळणारा माणूस असायचा आणि त्याची नजर ‘वार्ली’वरून ‘वारली’वर आपसूक सरकायची. शोधाची चौकट ती मेहेरबानी करत नाही.

याहून बारीक अडचण लिपीची आहे, आणि ती आपल्याशिवाय कुणी सोडवणार नाही. १९६२च्या शुद्धलेखन-नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर ‘नांव’, ‘कांहीं’ असं छापलेलं आहे; तसंच टंकलं तर ‘नाव’ शोधणाऱ्याला ते सापडेलच असं नाही, आणि सुधारून टंकलं तर मूळ मुखपृष्ठाशी इमान राहत नाही. उपाय जुनाच आहे: नोंद मुखपृष्ठाप्रमाणे करायची आणि आजच्या लेखनातलं नाव पर्यायी म्हणून जोडायचं. ‘वऱ्हाड’ या शब्दाचं तर विशेषच. यातलं ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी टंकता येतं. एकीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर येतं, दुसरीत साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण साध्या शोधात एक टंकलं की दुसरं सापडत नाही. लक्ष्मण देशपांड्यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ फडताळात समोर असतं आणि पडदा सांगतो, उपलब्ध नाही. युनिकोडआधीच्या फॉन्टांत केलेल्या याद्यांचं काय झालं, ते या सभागृहात सांगायला नको. पडद्यावर मराठी दिसत होतं, आत रोमन अक्षरांची मोळी होती. संगणक बदलला आणि मोळी सुटली.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हे मोठ्या ग्रंथालयांचे लाड आहेत, वाणगाव-चिंचणीच्या वाचनालयाला ते कशाला? याला उत्तर न्यूझीलंडच्या लेविन नावाच्या लहान गावात आहे. १९९९ साली तिथल्या होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासापुढे जुनी संगणकप्रणाली सन २००० उजाडताच बंद पडेल अशी भीती उभी राहिली. त्यांनी एका छोट्या कंपनीकडून नवी प्रणाली करून घेतली, २००० सालच्या जानेवारीत ती सुरू केली आणि जगाला फुकट देऊन टाकली. तीच ‘कोहा’. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ भेट. आज आपल्याकडच्या विद्यापीठांपासून सार्वजनिक ग्रंथालयांपर्यंत अनेकजण ती वापरतात. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचं ‘ई-ग्रंथालय’ही आपल्यासाठी आहेच. साधन महाग आहे हे कारण त्यामुळे उरत नाही. साधन फुकट असलं तरी त्यात भरायची नोंद फुकट येत नाही, ही खरी अडचण.

दुसरा आक्षेप जास्त जोरकस आहे: सगळं गूगलवर मिळतं, आता कृत्रिम बुद्धिमत्ता तर प्रश्न विचारताच उत्तर देते, मग ग्रंथपाल कशाला हवा? वाणगावच्या मिरची-उत्पादकाचा प्रश्न घ्या. झाडावर चुरडामुरडा पडला, काय करू? गूगल त्याला औषध विकणाऱ्यांच्या पानांकडेही नेईल, दूरच्या हवामानातल्या सल्ल्याकडेही नेईल. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस त्या गर्दीत कुठे आहे, आणि जवळच कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे, हे जाणणारा माणूस मधे उभा असेल तर त्या शेतकऱ्याचा दिवस वाचतो. वाचकाचा वेळ वाचवा हे रंगनाथनांचं सूत्र १९३१चं आहे. मधल्या काळात वेळ खाणाऱ्या वस्तू वाढल्या, एवढाच फरक. कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल बोलायचं तर ती नसलेल्या पुस्तकाचं नाव, लेखक आणि प्रकाशनवर्ष अगदी ठसक्यात सांगते. अशा वेळी शं. ग. दात्यांची १८०० ते १९३७ या काळाची ‘मराठी ग्रंथसूची’ उघडून पाहायची सवय कुणाला असेल? आपल्यालाच. म्हणून हे साधन टाळा असं मी म्हणत नाही. रोज वापरा, आणि त्यानं सांगितलेलं प्रत्येक शीर्षक ताडून पाहा.

एक साधन मात्र आपण न शिकवता शिकलो आहोत, ते व्हॉट्सअ‍ॅप. पहाटेच्या गाडीनं मुंबईकडे जाणारा आणि रात्री परतणारा वाचक आपल्या वेळेत येऊच शकत नाही; तो संदेश टाकून पुस्तक राखून ठेवतो, हे उत्तमच. पण संदेश वाहून जातात. तिथे आलेली मागणी त्याच दिवशी देवघेवीच्या नोंदीत उतरली नाही तर ती नव्हतीच असं समजा. आणि थकबाकीदार वाचकांची नावं, घेतलेल्या पुस्तकांसह, गटात टाकण्याची प्रथा ताबडतोब थांबवावी. कोण काय वाचतो ही त्या माणसाची खासगी बाब आहे. २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा नसता तरी ती खासगीच असती.

आता पैसा. १९६७च्या ग्रंथालय कायद्यानं आपल्याला मान्यता आणि परिरक्षण अनुदान दिलं. २०२२मध्ये त्या अनुदानात ६० टक्के वाढ झाली, तरी लहान वाचनालयातल्या माणसाला महिन्याकाठी मिळतं ते तोंडानं सांगायला संकोच वाटावा इतकंच. ‘एवढ्यात हेही शिकायचं?’ असं तो विचारतो, तेव्हा त्याला सेवाभावाचं कीर्तन ऐकवणं मला अप्रामाणिक वाटतं. त्याचा आक्षेप मला मान्य आहे. फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. तालिका शुद्ध करणं हे त्याच्या कामाबाहेरचं जादा काम नव्हे. तेच त्याचं काम आहे, आणि म्हणून ते कामाच्या तासांतच झालं पाहिजे. आठवड्यातून एक दुपार देवघेव बंद ठेवून पन्नास नोंदी नीट केल्या तर वर्षाला अडीच हजार होतात. लहान वाचनालयाचा संग्रह दोन-चार वर्षांत मार्गी लागेल. आपल्या नियामक मंडळांना त्या बंद दुपारचा हिशेब मागायची सवय आहे. तो हिशेब द्यावा, तयार नोंदींच्या आकड्यात.

दुपारच्या सत्रात प्रशिक्षणाचा ठराव मांडला जाणार आहे. त्याच्या मसुद्यात दोन दुरुस्त्या सुचवतो. ‘प्रशिक्षण’ या शब्दाआधी ‘कामाच्या वेळेत’ हे शब्द घालावेत. आणि जिल्ह्यातल्या सर्व वाचनालयांसाठी लेखकांची व विषयांची नावं एकाच पद्धतीनं लिहिण्याची यादी करायला पाच जणांची समिती नेमावी. तिनं पहिला निर्णय ‘वारली’ की ‘वार्ली’ याचा करावा. तो आज संध्याकाळपर्यंत झाला, तरी मला चालेल.