मागून बसणारा हिसका

गावोगावहून आलेले मेंदूविकारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट, आणि पुढच्या रांगेत बसलेले पार्किन्सन्सचे रुग्ण व त्यांच्या घरची मंडळी,

कृष्णाकाठच्या या सांगलीत आपणा सर्वांचे स्वागत. मी डॉक्टर नाही. 34 वर्षे शाळेत व्यायामशिक्षक होतो, मुलांना मल्लखांब शिकवला. स्वागताध्यक्षपद माझ्याकडे कसे, असे विचारले तेव्हा संयोजक म्हणाले, "परिषद तोलाची आहे, सर." मग नाही म्हणता येईना. दुसरे कारण त्यांनी बोलून दाखवले नाही. माझ्या दादाला 11 वर्षे हा आजार आहे.

जेम्स पार्किन्सनने 1817 साली लंडनमध्ये या आजारावर निबंध लिहिला. त्यात रुग्ण सहाच, आणि त्यांतले काही तर त्याने नुसते रस्त्यावर पाहिलेले. आपल्याकडे याला कंपवात म्हणतात. नावातच कंप असल्याने घरच्यांची नजर हातावर. आमचीही होती. गोळीने दादाचा हात शांत झाला, पेढे वाटायचेच काय ते बाकी होते, आणि त्याच महिन्यात तो मोरीच्या उंबऱ्याशी पडला. लेव्होडोपाची गोळी कंपाला आणि ताठरपणाला जितकी लागू पडते तितकी तोलाला पडत नाही, हे आम्हाला नंतर कळले. होन आणि यार यांनी 1967 साली आजाराचे पाच टप्पे सांगितले. त्यातला तिसरा सुरू होतो तो तोल ढळू लागल्यावरच.

तोल तपासणारी पुल टेस्ट मी पहिल्यांदा पाहिली ती दादाचीच. तपासणारा मागे उभा राहतो, आता ओढणार आहे असे सांगतो आणि खांद्यांना हिसका देतो. एकदोन पावलांत सावरले तर शून्य, तीन ते पाच पावले गेली तर एक, झेलावेच लागले तर तीन. मल्लखांबवाल्याला त्यात दोन गोष्टी लगेच खटकल्या. हिसका देणाऱ्याचे मनगट ज्याचे त्याचे. एक जण हळुवार ओढतो, दुसरा आखाड्यात उतरल्यासारखा, आणि आकडा मात्र रुग्णाच्या नावावर चढतो. शिवाय घरात पडताना आधी कोणी सांगत नाही.

म्हणून तोलाचीच दुसरी तपासणी, मिनी-बेस्टेस्ट, मला जास्त पटते. 14 कसोट्या, 28 गुण. खुर्चीतून उठणे, चवड्यांवर उभे राहणे, अचानक आधार सुटल्यावर सावरणे, फोमवर डोळे मिटून उभे राहणे, आणि उलटे आकडे मोजत चालणे. या शेवटच्या कसोटीत आमचे घरच आहे. दादा मोकळ्या हातांनी सरळ चालतो. हातात चहाचा कप असावा आणि वहिनीने मागून "विजेचं बिल भरलं का?" विचारावे, की थबकलाच.

स्वागताध्यक्षाने मागणे मागू नये, पण मागतो. तपासणी बहुधा गोळी चढलेली असताना होते आणि पडणे होते ती उतरल्यावर, पहाटे मोरीकडे जाताना. जमेल तिथे दोन्ही वेळा मोजा. निदान कागदावर गोळीची वेळ लिहा. आणि पडण्याबद्दल घरच्या माणसालाही विचारा. रुग्ण संकोचाने "नाही" म्हणतो. दादा तर माझ्यासमोर पडला आणि "बसलो रे जरा" म्हणाला.

आता व्यवस्थेविषयी. सभागृहातला गालिचा आम्ही काढून टाकला आहे. शोभा कमी झाली, त्याला इलाज नाही. दारांशी जमिनीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या आहेत. पाय खिळला की पट्टी ओलांडायची असे मनात आणले तर पुष्कळांचे पाऊल निघते. खुर्च्या हातांच्या आहेत. भोजन एक वाजता. गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते, म्हणून साडेबाराला घंटा होईल. त्या वेळी माइक ज्यांच्या हातात असेल त्यांनी, कितीही मोठे असोत, पाच मिनिटे थांबावे.