मुठी कोणाच्या, मालकी कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मक्तेदारीवर बोलायचे म्हटले की आपल्याकडील वक्ते तेल, पोलाद आणि बँका यांच्याकडे वळतात. मी आज अमेरिकेतील व्यावसायिक मुष्टियुद्धाच्या धंद्याकडे वळणार आहे. या धंद्यात विकला जातो तो माणसाचा देह. मध्ये यंत्र नाही, कच्चा माल नाही. त्यामुळे श्रम कोणाचे आणि मालकी कोणाची हा प्रश्न येथे जितका उघडावाघडा दिसतो, तितका कापडगिरणीतही दिसत नव्हता.

ऑस्कर दे ला होया हा लॉस एंजलिसमधील मेक्सिकन कुटुंबातला मुलगा. १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळवले, पुढे व्यावसायिक मुष्टियुद्धात अमाप पैसा कमावला आणि २००२ साली सामने भरवणारी 'गोल्डन बॉय प्रमोशन्स' ही स्वतःची कंपनी काढली. मुष्टियोद्ध्यांना लुबाडणाऱ्या जुन्या प्रमोटरांऐवजी मुष्टियोद्ध्यानेच चालवलेली कंपनी, अशी तिची ख्याती करण्यात आली. बर्नार्ड हॉपकिन्स, शेन मोझली यांसारखे नामवंत योद्धे तिचे भागीदारही झाले. कारभार मात्र रिचर्ड शेफर या स्विस बँकेतून आलेल्या गृहस्थाच्या हाती गेला. श्रमिक मालक झाला की शोषण आपोआप संपते, असे मानणारे काही भाबडे मित्र आपल्यातही आहेत. त्यांनी ही पुढची हकीकत लक्षपूर्वक ऐकावी.

सप्टेंबर २०१३मध्ये लास वेगास येथे या कंपनीने भरवलेल्या मेवेदर आणि अल्वारेझ यांच्या सामन्याची केवळ तिकीटविक्रीच २ कोटी डॉलरवर गेली. बाहेरून पाहता कंपनीची भरभराट होती. पण तिच्या कार्यक्रमांतून लढणारे कितीतरी आघाडीचे योद्धे वास्तविक अल हेमन या 'सल्लागारा'शी बांधलेले होते. हा हेमन हार्वर्डचा अर्थशास्त्राचा पदवीधर, म्हणजे आमच्याच शास्त्राचा सुपुत्र! आपल्याकडील ऊसतोडीच्या मुकादमाची आठवण व्हावी अशी ही रचना. कारखाना कोणाचाही असो, टोळी मुकादमाची.

२०१४च्या वसंतात दे ला होयाने बॉब ॲरम या जुन्या प्रतिस्पर्धी प्रमोटरशी समेट करण्याची इच्छा जाहीर केली. शेफरला ते मुळीच मान्य नव्हते. जूनमध्ये त्याने राजीनामा दिला. करार शिल्लक असताना तो असा जाऊ शकत नाही, ही कंपनीची भूमिका. तिने त्याच्याविरुद्ध लवादापुढे ५ कोटी डॉलरचा दावा लावला. जानेवारी २०१५मध्ये तडजोड झाली. तिच्या अटी गुप्त राहिल्या.

या गुप्ततेपाशी थोडे थांबले पाहिजे. न्यायालयात कागद उघडे होतात, साक्षी नोंदल्या जातात, वार्ताहर बसतात; लवादाचे दार बंद असते. ज्यांच्या भवितव्याचा प्रश्न या भांडणात गुंतला होता, ते योद्धे वादीही नव्हते आणि प्रतिवादीही नव्हते. मालक आणि त्याचा माजी कारभारी यांच्यातील वाटणीत ते जिंदगीसारखे, जंगम मालमत्तेसारखे मोजले गेले.

शेफरशी तडजोड झाली तरी मूळ दुखणे राहिलेच. मे २०१५मध्ये कंपनीने हेमनवर ३० कोटी डॉलरचा खटला भरला. हेमनने त्या वर्षी एका म्युच्युअल फंड कंपनीचे भांडवल उभे करून दूरचित्रवाहिन्यांवरची वेळ स्वतःच विकत घेतली होती आणि सामने भरवण्याचा सपाटा लावला होता. कंपनीने दोन कायद्यांचा आधार घेतला : मक्तेदारीविरोधी शर्मन कायदा आणि २०००चा मुहंमद अली कायदा. हा दुसरा कायदा योद्ध्यांच्या संरक्षणासाठी केलेला. व्यवस्थापक आणि प्रमोटर यांचे हितसंबंध एकाच हाती असू नयेत, सामन्यातून आपल्याला काय मिळते ते प्रमोटरने योद्ध्याला सांगावे, असे तो म्हणतो. नुकसानभरपाईसाठी न्यायालयात जाण्याचा हक्कही त्याने योद्ध्यालाच दिला आहे. आणि आता प्रतिस्पर्ध्यावर उगारण्यासाठी ते शस्त्र एका प्रमोटरने उपसले होते!

जानेवारी २०१७मध्ये न्यायमूर्ती जॉन वॉल्टर यांनी साक्षीपुराव्याची सुनावणी होण्यापूर्वीच निकाल हेमनच्या बाजूने दिला. एका प्रतिस्पर्ध्याचे नुकसान होणे निराळे आणि बाजारातील स्पर्धेलाच धक्का पोहोचणे निराळे. दुसरी गोष्ट वादीला दाखवता आली नाही. कायदेशीर दृष्ट्या यात वावगे काहीच नाही. पण माझ्या मते खरी गोम अशी की, न्यायालयापुढे चर्चा झाली ती प्रमोटरांच्या स्पर्धेची. योद्ध्याचे श्रम विकत घेणारे किती आहेत, ते संख्येने घटले तर त्याच्या मजुरीचे काय होते, हा श्रमबाजाराचा प्रश्न उपस्थित करायला तेथे कोणी नव्हतेच.

तो उपस्थित झाला दुसऱ्या आखाड्यात. मिश्र युद्धकलेचे सामने भरवणाऱ्या 'यूएफसी'विरुद्ध लढवय्यांनी डिसेंबर २०१४मध्ये स्वतःच सामूहिक दावा लावला. श्रम विकत घेण्याची मक्तेदारी निर्माण करून आमचे मानधन दाबले, असे त्यांचे म्हणणे. दहा वर्षे ते चिवटपणे लढले. २०२४मध्ये ठरलेली ३३.५ कोटी डॉलरची तडजोड न्यायाधीशांनी नाकारली, अखेर ३७.५ कोटी डॉलरवर मिटले आणि हजाराहून अधिक लढवय्यांना त्यात वाटा मिळाला. संघटना नसतानाही समूह म्हणून उभे राहिल्याने काय पदरात पडते ते यावरून दिसते. मोठ्या नावांच्या वकिलांनी लढवलेल्या त्या आधीच्या दोन भांडणांतून मुष्टियोद्ध्यांना एक छदामही मिळालेला नव्हता, हेही विसरू नका.

आता याच यूएफसीची मालक कंपनी मुष्टियुद्धात उतरली आहे. जुलै २०२५मध्ये अमेरिकन प्रतिनिधिगृहात तिच्या पाठिंब्याने एक विधेयक मांडले गेले. त्याला नाव दिले आहे तेही मुहंमद अलीचेच. सामने भरवणे, मानांकन ठरवणे आणि विजेतेपद बहाल करणे या तिन्ही गोष्टी एकाच संस्थेने करण्याची मुभा त्यात आहे. जुनी व्यवस्था रद्द होणार नाही, योद्ध्याला निवड राहील, असे समर्थक सांगतात. त्याबदल्यात मूळ मसुद्यात किमान मानधन ठेवले होते दर फेरीला १५० डॉलर. चार फेऱ्या लढणाऱ्या नवख्याला ६०० डॉलर. आणि प्रशिक्षकाचा वाटा त्यातूनच द्यायचा.