हाफ इंजिन
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातील संधी’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. त्याबद्दल तुमची मुलंच तुम्हाला जास्त सांगतील. म्हणून संयोजकांची परवानगी घेऊन मी विषय बदलला आहे. मोटारसायकलचं इंजिन घरी कसं उघडतात आणि परत कसं बसवतात, हे मी सांगणार आहे. हसा खुशाल, पण शेवटपर्यंत ऐका. शेवटी माझी एक मागणी आहे आणि तिचा संबंध आपण शाळेसाठी जमवलेल्या निधीशी आहे.

गाडी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेली आहे. आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, हिरो होंडा सीडी १००. आपण आठवीत होतो तेव्हा ती आमच्याकडे आली. त्याआधी आपल्या रस्त्यांवर राजदूत, येझदी, एम-८० आणि शेजारच्या नगरची लुना. सगळ्या टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या. १९८५ साली बाजारात आलेली सीडी १०० फोर-स्ट्रोक होती आणि थेंबभर पेट्रोलवर लांब जायची. आप्पा दौंडला रेल्वेत फिटर, आई इथे शिरूरला शिक्षिका. सुट्टी लागली की न्हावरे, भीमेचा पूल, चौफुला या रस्त्याने ही गाडी आमचं घर जोडून ठेवायची. कारखाना सुरू झाला की उसाच्या गाड्यांमागून रखडत यायचे आणि उशीर झाला की आई दारात उभी.

दोन वर्षांपूर्वी गाडी निळा धूर मारायला लागली. किक मारून पाय दुखायचा. भाऊ म्हणाला, भंगारवाल्याला देऊन टाकू. त्याचं चूक नव्हतं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायचं आणि ती चालवणार कोण? आप्पांना पार्किन्सन झालेला, हात थरथरतात. आप्पा काहीच बोलले नाहीत. फक्त गाडी उभी असायची त्या पडवीत बसायचं त्यांनी बंद केलं. मी म्हटलं, मी उघडते. ते म्हणाले, “मग मी शेजारी बसतो.”

आधी रोग ओळखायचा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, निळा म्हणजे ऑइल जळतंय. पण ऑइल वर येतंय कुठून? घासलेल्या रिंगांतून की व्हॉल्व्हच्या बाजूने? त्यासाठी प्लग काढून तिथे गेज लावायचं, किक मारून दाब बघायचा. मग त्याच भोकातून चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा बघायचा. ऑइलमुळे रिंगांची फट तात्पुरती बुजते. दाब चढला तर दोष रिंग-सिलिंडरचा, नाही चढला तर व्हॉल्व्हचा किंवा पॅकिंगचा. आमचा दाब चांगलाच चढला. क्रँकमधून आवाज नव्हता, म्हणजे खालचा भाग उघडायची गरज नाही. गॅरेजच्या भाषेत याला ‘हाफ इंजिन’ म्हणतात. रोज ऑफिसात मी प्रोग्रॅममधला दोष असाच शोधते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय फरक पडला ते बघायचं.

इथे आपल्या वर्गातल्या एका मित्राचे आभार मानते. तो शेवटच्या बाकावर बसायचा आणि आजही शेवटच्याच रांगेत बसलाय. त्याचं गॅरेज आहे. तो म्हणाला, “ताई, मी करून दिलं तर संध्याकाळपर्यंत होईल, पण मग तुला काय मिळालं?” दोन रविवार त्याने मला नुसतं बघायला बसवलं. इंजिनच्या कव्हराचे बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात. म्हणून पुठ्ठ्यावर कव्हराचा आकार काढायचा आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खुपसून ठेवायचा. पिस्टनची बारीक सर्क्लिप काढण्याआधी खालचं तोंड फडक्याने बंद करायचं, नाहीतर ती उडून थेट क्रँकमध्ये जाते. ॲल्युमिनियममधले आटे एकदा गेले की गेले. संगणकावर एक पाऊल मागे जाता येतं, इथे येत नाही. त्यामुळे हात आपोआप सावकाश चालतो.

हेड आणि ब्लॉक उतरल्यावर आप्पांनी सिलिंडरच्या आत वरच्या बाजूला नख फिरवलं आणि म्हणाले, “कडा लागतेय.” रिंग जिथपर्यंत चढते तिथपर्यंत धातू झिजतो, त्याच्या वर तसाच राहतो, तीच ती कडा. नंतर मी गेज लावून वर, मध्ये, खाली अशी मापं घेतली. नखाने आधीच बरोबर सांगितलं होतं.

पुण्याच्या नाना पेठेतून अर्धा मिलिमीटर ओव्हरसाईज पिस्टन आणला. बोअरिंगवाला आधी पिस्टन हातात घेतो, तो मोजतो आणि त्याच्या मापाने सिलिंडर कापतो. इथल्या लेथवाल्याचं पोट ट्रॅक्टर आणि विहिरींवरच्या पंपांवर चालतं, पण आमचं एवढंसं काम त्याने मन लावून केलं. मूळ सिलिंडर ५० मिलिमीटर व्यासाचा आणि पिस्टनची चाल ४९.५ मिलिमीटर, म्हणून इंजिन ९७.२ सीसी. व्यास ५०.५ झाला आणि इंजिन ९९.१ सीसी झालं. गणिताच्या बाईंनी शिकवलेलं वृत्तचितीचं घनफळ इतक्या वर्षांनी उपयोगी पडलं. बाई समोरच बसल्या आहेत, म्हणून मुद्दाम सांगते.

बोअरिंगनंतर सिलिंडर नुसता पेट्रोलने धुऊन भागत नाही, घासणीची बारीक भुकटी धातूच्या रेघांत बसून राहते. गरम पाणी, साबण आणि ब्रश, पांढरं फडकं फिरवून पांढरंच निघेपर्यंत. मग पुसून लगेच ऑइलचा हात, नाहीतर गंज धरतो.

व्हॉल्व्ह मात्र आप्पांनी घासले. काडीला व्हॉल्व्ह चिकटवायचा, कडेला पेस्ट लावायची आणि दोन तळव्यांत काडी रवीसारखी फिरवायची. व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यावर एकसारखी राखाडी कडी दिसेपर्यंत. आप्पांचे हात मांडीवर नुसते ठेवलेले असताना थरथरतात. कामाला लागले की थरथर कमी व्हायची. दोन व्हॉल्व्ह घासायला त्यांनी आख्खी दुपार घेतली. मग वाटेत रॉकेल ओतून पाहिलं, एक थेंब पाझरला नाही. आई दारातून बघत होती. ती चहा ठेवायलाही विसरली, हे आमच्या घरात सहसा होत नाही.

जुळवताना सगळा जीव टायमिंगमध्ये. मॅग्नेटवरची ‘टी’ची खूण आणि वरच्या दातेरी चाकाची खूण एकाच वेळी जागेवर हवी. हे इंजिन नुसतं उभ्या उभ्या चालताना मिनिटाला साधारण १,४०० फेरे घेतं, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह ७०० वेळा उघडतो. चेनचा एक दात इकडचा तिकडे झाला तर सगळंच बिनसतं. म्हणून किक मारण्याआधी इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पाहिलं. कुठे अडलं नाही. नवव्या किकला गाडी सुरू झाली, जुळवताना लावलेलं ऑइल जळेपर्यंत थोडा धूर आला, मग स्वच्छ. पहिले ५०० किलोमीटर हळू चालवली आणि ऑइल लवकर बदललं. त्यातल्या एका फेरीला आप्पा मागे बसून न्हावऱ्यापर्यंत आले. सगळा रस्ता गप्प होते. उतरल्यावर म्हणाले, “टॅपेट जरा वाजतोय.” वाजत होताच. आल्यावर बसवला.

आता मागणी. आपल्या वेळी कार्यानुभवाच्या तासाला मुलं फ्यूज बांधायला शिकायची आणि आम्ही मुली भरतकाम. तक्रार नाही, तो काळच तसा होता, आणि सुईने बोटांना जी नजर दिली ती आटे बसवताना मला कामी आली. पण आज या शाळेतल्या किती मुलामुलींनी हातात पाना धरला आहे? रांजणगावच्या एमआयडीसीत उद्या हीच मुलं कामाला जाणार, नाहीतर माझ्यासारखी पडद्यासमोर बसणार. दोघांनाही वस्तू उघडून बघण्याची सवय लागेल.

आपल्या बॅचच्या नावाची कमान उभारायचं ठरत आहे. माझी विनंती, कमान लहान करा किंवा थोडी थांबवा. त्या पैशांच्या छोट्याशा हिश्शात एक भक्कम टेबल, एक व्हाइस, पान्यांचे दोन संच आणि भंगारातली दोन इंजिनं येतील. पेट्रोल नको, कोरडी इंजिनं पुरेत. महिन्यातून दोन शनिवार. शिकवायला आपल्याच बॅचमध्ये गॅरेजवाले, आयटीआयवाले, दौंडचे निवृत्त रेल्वेवाले आहेत. मी पुण्याहून येईन, हे सर्वांसमोर सांगते.

आप्पांनी आपली पान्यांची पेटी शाळेला द्यायचं कबूल केलं आहे. अट एकच आहे, ती कपाटात कुलूप लावून ठेवायची नाही. मुख्याध्यापकांनी ही अट मान्य करावी आणि कमानीची ऑर्डर देण्याआधी समितीने यावर एकदा बसावं, एवढंच मागते.