खटखट नसलेलं गाव

भिवंडीत वाढलेल्या माणसाला शांततेत झोप येत नाही, हे मला जपानला गेल्यावर कळलं. आमचं घर कारखान्याला लागून. मधे एकच भिंत, आणि भिंतीपलीकडे बाबांचे बारा माग. दिवसपाळी असो की रातपाळी, खटखट चालूच. वीज गेली की माग थांबायचे आणि आम्ही भावंडं झोपेतून दचकून उठायचो. आवाजानं नव्हे, तो थांबल्यामुळे.

२०१३च्या ऑक्टोबर महिन्यात जपान सरकारच्या शिष्यवृत्तीवर मी नागोया शहरात शिकायला गेले. विषय यंत्र अभियांत्रिकी. पहिले सहा महिने भाषेचा अभ्यास आणि मग संशोधन, असा क्रम होता. चिकुसा नावाच्या भागात मला एक खोली मिळाली. सहा चटयांची. जपानमध्ये खोली चटयांवर मोजतात. खोली नीटनेटकी होती, भाडं परवडणारं होतं, पण रात्री अकराला दिवा मालवला की जी शांतता पसरायची, ती मला सोसवेना. पहिले पंधरा दिवस मी छताकडे बघत काढले.

शेवटी एका रात्री स्काइपवरून घरी फोन लावला. आमच्यात साडेतीन तासांचं अंतर. माझे साडेअकरा वाजले होते, भिवंडीत आठ. बाबांना म्हटलं, "फोन जरा कारखान्यात नेऊन ठेवता का?" बाबांनी का म्हणून विचारलंसुद्धा नाही. फोन मागाशेजारच्या खिडकीत ठेवून ते आपल्या कामाला लागले. त्या रात्री मी पहिल्यांदा गाढ झोपले.

पण फोन रोज कोण ठेवणार? नव्या गावात राहायचं तर तिथल्या शांततेशी जुळवून घ्यायलाच हवं होतं.

पहिली परीक्षा कचऱ्याची. नागोयात तेव्हा जळणाऱ्या कचऱ्यासाठी लाल अक्षरांची पिशवी, न जळणाऱ्यासाठी हिरव्या आणि पुन्हा वापरात येणाऱ्या वस्तूंसाठी निळ्या अक्षरांची. जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, न जळणारा महिन्यातून एकदा, आणि तोही सकाळी आठच्या आत. दह्याचा डबा धुऊन टाकायचा. बाटलीचं झाकण वेगळं, बाटली वेगळी. एकदा माझी पिशवी गाडीनं उचललीच नाही. वर चिठ्ठी चिकटवलेली होती. ती भर रस्त्यातून परत घरात आणताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मनात म्हटलं, काय ही माणसं! कचऱ्याचंसुद्धा सोवळं-ओवळं!

भाषेच्या वर्गातल्या बाईंना मी ते बोलून दाखवलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एक गोष्ट सांगितली. नागोयाच्या समुद्रकिनारी फुजिमाए नावाची दलदलीची जागा आहे. दूरदेशीचे पक्षी दरवर्षी तिथे उतरतात. शहराचा कचरा टाकायला जागा उरली नव्हती, म्हणून त्या दलदलीत भराव घालायचं ठरलं होतं. लोकांनी विरोध केला. १९९९च्या जानेवारीत महापालिकेनं तो बेत सोडला आणि पुढच्याच महिन्यात शहरात कचऱ्याची आणीबाणी जाहीर केली. मग वीस-बावीस लाख लोकांनी घरोघरी कचरा वेगळा करायला सुरुवात केली. दोन वर्षांत कचरा वीस टक्क्यांहून अधिक घटला. २००२ साली फुजिमाएला रामसर यादीत स्थान मिळालं.

एवढं ऐकल्यावर दह्याचा डबा धुताना माझी कुरकुर थांबली. नियम तोच होता, पण आता त्यामागे पक्षी दिसत होते. आणि मग आठवलं, आमच्या भिवंडीत कारखान्यातून निघणाऱ्या चिंध्या बायका रंगाप्रमाणे, जातीप्रमाणे वेगळ्या करत बसतात. माझी आजी ते काम करायची. म्हणजे वेगवेगळं काढून ठेवण्याचा संस्कार मला घरातूनच मिळाला होता. मीच तो विसरले होते.

दुसरी परीक्षा कुकरची. दिवसभर प्रयोगशाळेत काढून मी रात्री दहाला वरण-भात लावायची. एके दिवशी टपालपेटीत सुवाच्य अक्षरातली चिठ्ठी सापडली. 'रात्री तुमच्या खोलीतून वाफेचा मोठा आवाज येतो. काही अडचण तर नाही ना?' मला बरं वाटलं, शेजारी किती काळजी करतात! वर्गातल्या मैत्रिणीला दाखवली, तर ती हसून म्हणाली, "अगं, ही काळजी नाही, ही तक्रार आहे." मी कुकर घेऊनच शेजारच्या काकूंकडे गेले. मोडक्यातोडक्या जपानीत शिट्टी म्हणजे काय ते समजावलं, बरोबर वाटीभर वरणही नेलं. काकूंनी कुकरचं झाकण उलटंसुलटं करून पाहिलं. मग ठरलं की शिट्टी रात्री नऊच्या आत. त्यानंतर नऊच्या आसपास भिंतीपलीकडून कधी कधी बारीक टकटक ऐकू यायची. शिट्टी ऐकली, असा तो निरोप. ती टकटक ऐकली की मलाही बरं वाटायचं. भिंतीपलीकडे कुणीतरी आहे, हे कळायचं.

नागोयात टोयोटा समूहाचं एक संग्रहालय आहे. मोटारींचं असेल म्हणून मी २०१४च्या उन्हाळ्यात बघायला गेले. लाल विटांची जुनी इमारत. आत शिरले तर समोर माग! साकिची टोयोडा या सुताराच्या मुलानं आधी माग बनवले आणि मोटारी पुढे त्याच्या मुलानं, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण तिथल्या माणसानं १९२४ सालचा स्वयंचलित माग चालू केला आणि त्या दालनात खटखट सुरू झाली, तेव्हा माझे पाय जागीच खिळले. नऊ महिन्यांनी तो आवाज समोरासमोर ऐकत होते.

मग नीट पाहिलं. कांडीवरचं सूत संपत आलं की माग न थांबता आपोआप दुसरा धोटा घेत होता. सूत तुटलं की स्वतःच थांबत होता. आमच्याकडे कांडी संपली की कारागीर माग थांबवून हातानं धोटा बदलतो. एक कारागीर सहा-आठ माग बघतो. या मागांवर एकटा माणूस दोन डझनांहून अधिक माग सांभाळत असे. रात्री बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते यंत्राबद्दल विचारतील. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग बाकीच्या माणसांचं काय झालं गं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोच प्रश्न मी माझ्या प्राध्यापकांना विचारला. ते म्हणाले, "इचिनोमियाला जाऊन ये."

इचिनोमिया हे नागोयापासून रेल्वेनं दहा-बारा मिनिटांवरचं गाव. लोकरी कापडासाठी नावाजलेलं. करवतीच्या दात्यांसारखी छपरं असलेले जुने कारखाने तिथे अजून ठिकठिकाणी दिसतात. उत्तरेचा सारखा उजेड मिळावा म्हणून छपरं तशी बांधायचे. मुंबईतल्या जुन्या गिरण्यांची छपरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ती परकी वाटणार नाहीत. पण बहुतेक छपरांखाली आता आवाज नाही.

स्टेशनजवळच्या एका कॉफीच्या दुकानात शिरले. सकाळची वेळ. नुसती कॉफी मागितली, तर सोबत टोस्ट आणि उकडलेलं अंडं आलं. पैसे फक्त कॉफीचे. मी गोंधळलेली पाहून शेजारच्या टेबलावरचे ऐंशीच्या घरातले आजोबा हसले. मी भारतातल्या मागांच्या गावातून आले आहे म्हटल्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

त्यांचाही कारखाना होता. १९५०च्या सुमारास कापडाला असा भाव आला, की माग एकदा 'गाचा' वाजला की दहा हजार येन मिळाले, असं लोक म्हणत. त्या तेजीचं नावच पडलं 'गाचामान'. 'गाचा' म्हणजे आपली खटखट, आणि 'मान' म्हणजे दहा हजार. कारखान्यात मागांच्या आवाजात व्यापाऱ्याशी बोलता येत नसे, म्हणून मालक मंडळी कॉफीच्या दुकानात येऊन बसत. सकाळी येणाऱ्या या गिऱ्हाइकांना दुकानदार कॉफीबरोबर अंडं आणि शेंगदाणे फुकट देऊ लागले. त्या भागातली सकाळच्या न्याहारीची प्रथा तशी पडली, असं तिथले लोक सांगतात.

"आणि माग?" मी विचारलं.

१९७१ साली अमेरिकेशी वस्त्रकरार झाला आणि जपानच्या निर्यातीवर मर्यादा आली. मग सरकारनं पैसे देऊन कारखानदारांचे माग घेतले आणि मोडून टाकले. आजोबांनीही आपले काही माग दिले. पुढे उरलेलेही गेले. त्यांच्या काही कामगार मुली गावी परतल्या, काही जण मोटारींच्या कारखान्यांत लागले, काहींचं काय झालं ते त्यांनाही माहीत नव्हतं. कप खाली ठेवत ते म्हणाले, "पूर्वी आम्ही आवाज टाळायला इथे यायचो. आता आवाज ऐकायला येतो."

त्या रात्री बाबांना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. ते म्हणाले, "मोडायचे पैसे दिले? आमच्याकडे भंगारवाला किलोवर नेतो."

त्यानंतर नागोया मला परकं वाटलं नाही. भाषा पुढेही अडखळतच राहिली, पण एक गोष्ट उमगली होती. ज्या सवयी मला तऱ्हेवाईक वाटत होत्या, त्यांतल्या प्रत्येकीमागे कुणाची तरी गरज होती. ती विचारली की गाव आपल्याशी बोलू लागतं. जपानला शिकायला जाणारी मुलं आज मला भेटतात आणि मसाले किती न्यावेत, थंडीचे कपडे कुठे घ्यावेत, असं विचारतात. ते सांगतेच. पण हेही सांगते, की पहिल्या महिन्यात जे खटकेल त्याची एक यादी करा आणि प्रत्येक गोष्टीचं कारण कुणाला तरी विचारा. विचारण्याच्या निमित्तानं माणसं भेटतात. आणि कुकर नेलात, तर वाटीभर वरण शेजारीही द्या.

मी २०१६ साली परत आले. भिवंडी बदलत होती. नाक्या-नाक्यावर माग भंगारात निघत होते, त्या जागी गोदामं उभी राहत होती. २०१८ साली बाबांनीही बारा माग विकले. गाडी माग घेऊन गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला, "अगं, ह्यांना झोपच लागत नाही."

मी घरी गेले. नागोयातली ती रात्र आठवत होती, पण आता फोन ठेवायला माग नव्हते. पहाटे बाबा उठलेले दिसले, तेव्हा त्यांना नाक्यावरच्या हॉटेलात घेऊन गेले. तिथे आधीच चार-पाच जण बसले होते, सगळे माग विकलेले. सूत काय भावानं होतं, कुणाचा बीम कधी फसला, यावर जोरात वाद चालला होता. बाबा सुरुवातीला गप्प होते. मग त्यांचाही आवाज चढला.

आता ते रोज जातात. माझी तिथे गरज लागत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)