चाकांवरचे घर



युरोप-अमेरिकेत मोटारघरांची आणि तंबूंची मोठमोठी प्रदर्शने भरतात. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस भरणारे 'कॅरव्हान सलोन' हे त्यांतले सर्वांत मोठे समजतात. बीडच्या श्रोत्यांना त्याचे काय, असे कोणी मनात म्हणत असेल. त्याचे उत्तर ओघाने येईलच. प्रथम आपण मनानेच तेथे एक फेरी मारू.

दीडशे चौरस फुटांच्या आतबाहेर जागा; पण तीत सगळा संसार मांडलेला असतो. दिवसा जेवणाचे मेज, रात्री तेच खाली दाबले की पलंग. पिण्याच्या पाण्याची टाकी वेगळी, सांडपाण्याची वेगळी. शौचालयाखाली एक पेटी असते. ती बाहेर काढून ठरलेल्या जागी रिकामी करावयाची. छपरावरच्या सौर पत्र्यांनी बॅटरी भरते आणि रात्री दिवा लागतो. गॅसची शेगडी आहे, दाराला कुलूप आहे. लोक गादीवर बसून पाहतात, कपाटे उघडून पाहतात. माणसाला घर म्हणून कमीत कमी काय लागते, याची ती एक यादीच होय: पाणी, आडोसा, उजेड, चूल आणि कुलूप.

हा शौक फार जुना नाही. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या निवृत्त आरमारी डॉक्टराने ब्रिस्टलच्या कारखान्यातून दोन घोड्यांची एक ऐटदार गाडी बांधून घेतली व तीतून इंग्लंड-स्कॉटलंडची सहल केली. बरोबर गाडीवान होता, नोकरही होता. जर्मनीत १९३१ साली आरिस्ट डेथलेफ्स या कारखानदाराने फिरतीवर असताना पत्नीची ताटातूट होऊ नये म्हणून मोटारीमागे ओढावयाचे घर बनविले. कुटुंब एकत्र राहावे, ही त्यामागची प्रेरणा. ती ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता शब्दाकडे पाहू. 'कॅरव्हान' हा मूळचा फारसी 'कारवान'. हैदराबादेतील कारवान ही वस्ती आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल. आपल्या मुलखात बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून लमाणांचे तांडे चालत. आगगाड्या आणि सडका आल्या व तो व्यापार बुडाला. म्हणजे फिरता संसार आपल्याला परका नाही. इतकेच नव्हे, तो आजही दरसाल आपल्या डोळ्यांसमोरून जातो.

दसरा-दिवाळी उलटली की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतील गावे ओस पडू लागतात. मुकादमाची उचल अंगावर असते. ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, टायरगाडीवर भांडीकुंडी, पीठ, सरपण, शेळी, लेकरे, सारे चढते. पश्चिम महाराष्ट्रात किंवा थेट कर्नाटकात कारखान्याच्या आवारात नाहीतर शेताच्या कडेला कोपी उभी राहते. तीत वाकूनच शिरावे लागते. नवराबायको मिळून हिशेबात एक 'कोयता'. कोयत्याचा हिशेब आहे. त्याच्या घराचा नाही.

प्रदर्शनातील यादी या कोपीला लावून पाहा. पाणी दुरून आणावयाचे. न्हाणीचा आडोसा म्हणजे चार काठ्यांना बांधलेले लुगडे. शौचाला अंधाराची वाट पाहावयाची. कुलूप लावावे तर दारच नाही. याची किंमत बायका देतात. २०१९ साली शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. याची कारणे अनेक आहेत. परंतु अंगावर काढलेली दुखणी आणि पाण्या-आडोशाचा अभाव यांना त्यांतून वगळता येणार नाही.

कोणी म्हणेल, जी वस्ती चार-सहा महिन्यांनी उठणार, तिला पक्क्या भिंती कोण देणार? प्रश्न खरा आहे. आणि त्याचे उत्तर त्या प्रदर्शनातच आहे. घराला पाया नसला तरी घराची सोय करता येते, हे सहलीला जाणाऱ्यांसाठी कारागिरांनी केव्हाच सिद्ध केले आहे. चाकांवरचे शौचालय, पाण्याची टाकी, छपरावरचा सौर दिवा, यांत अशक्य असे काही उरलेले नाही. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरव्हान पर्यटनाचे धोरण आखले. मोटारघर उभे करावयाच्या जागी रस्ता, पाणी आणि वीज असावी, हे त्यात गृहीतच आहे. जे दोन रात्रींच्या पाहुण्याला आवश्यक, ते सहा महिने राबणाऱ्या कुटुंबाला ऐच्छिक कसे?

प्रयत्न मुळीच झाले नाहीत, असे नव्हे. साखरशाळा निघाल्या, मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन झाले. पण वसतिगृहात मूल शिकते ते आईबापांपासून दूर राहून. डेथलेफ्सने घर ओढून नेले ते ताटातूट टाळण्यासाठी. आपल्याकडे शिक्षण हवे तर ताटातूट, आणि ताटातूट नको तर शाळा सुटलेली, अशी निवड आईबापांपुढे येते. तळावरच पाणी, दिवा आणि शाळा पोहोचली, तरच ही निवड टळेल.

तेव्हा मागणी एवढीच आहे. गाळपाला आरंभ करण्यापूर्वी कारखान्याने यंत्रे तपासावी, तसा मजुरांचा तळही तपासावा: पाणी आहे का, आडोसा आहे का, दिवा आहे का. आणि या जिल्ह्यातून मजूर जातात, म्हणून हे विचारण्याचा पहिला अधिकार आणि पहिले कर्तव्य आपले, बीडकरांचे आहे. साखरेचा चहा आपण सगळेच घेतो.